गीतचित्राचा कारागीर आणि विद्यापीठ

विद्यापीठाच्या सभागृहात एखादा चित्रपट-व्यावसायिक पाहुणा म्हणून येतो, तेव्हा जे घडते ते बहुधा ठरलेले असते. विभागप्रमुख परिचय करून देतात. शाल-श्रीफळ दिले जाते. पाहुणा आपल्या कारकिर्दीतील चार किस्से सांगतो आणि गाजलेल्या गाण्यांचे तुकडे पडद्यावर दाखवतो. विद्यार्थी ‘या क्षेत्रात शिरकाव कसा करून घ्यावा’ एवढाच प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. आभारप्रदर्शन होते आणि सभागृह रिकामे होते. दुसऱ्या दिवशी वर्गात पूर्वीचाच पाठ पुढे चालू होतो. पाहुण्याकडून नेमके काय शिकायला मिळाले असे कोणी विचारलेच, तर ‘अनुभव फार रंजक होते’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

या निष्फळतेचा दोष पाहुण्यावर टाकता येणार नाही. गाण्याचे चित्र तयार करणारा दिग्दर्शक, छायालेखक किंवा संकलक जे ज्ञान बरोबर घेऊन येतो ते ग्रंथात उतरलेले नसते. ते हातात, कानात आणि सवयीत मुरलेले असते. विद्यापीठाची सारी व्यवस्था मात्र ग्रंथबद्ध ज्ञानासाठी उभारलेली आहे. त्यामुळे अशा पाहुण्याला व्यासपीठ मिळते, पण त्याच्या विद्येला जागा मिळत नाही. त्यातच, असल्या पाहुण्याशी संबंध असला तर तो जनसंवाद विभागाचा, भाषा आणि साहित्याच्या विभागांचा नव्हे, असा एक समज रूढ आहे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. वस्तुतः गीतचित्राच्या कारागिराकडून शिकण्याची गरज भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला इतर कोणाहून कमी नाही. किंबहुना, ती त्याला अधिक आहे.

ज्याला सर्वत्र ‘म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात त्या प्रकाराला येथे गीतचित्र म्हटले आहे. अमेरिकेत 1 ऑगस्ट 1981 रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि या प्रकाराला जगभर ओळख मिळाली, हे खरे. परंतु गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि मग त्या ध्वनीवर चित्र बेतायचे, ही रीत भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेली होती. ‘आलम आरा’ (1931) आणि ‘अयोध्येचा राजा’ (1932) या आरंभीच्या बोलपटांत नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात असत आणि वादक चौकटीबाहेर दडून साथ करीत. साहजिकच कॅमेरा ध्वनिग्राहकाशी जखडलेला राही. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ या बंगाली आणि ‘धूपछाँव’ या हिंदी चित्रपटांत पार्श्वगायनाचा अवलंब केला, आणि गाणारा कंठ व दिसणारा चेहरा यांची ताटातूट झाली. भारतीय गीतचित्राचे सारे शास्त्र या ताटातुटीतून जन्मले आहे. पुढे 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर ‘छायागीत’सारख्या कार्यक्रमांनी गाण्याचे चित्र कथेतून सोडवून स्वतंत्रपणे घरोघर पोहोचवले, 1995 साली ‘मेड इन इंडिया’ या अल्बमच्या यशानंतर चित्रपटाशी संबंध नसलेली गीतचित्रेही लोकांच्या नित्य परिचयाची झाली. आज तर गाणे प्रथम दिसते आणि मग ऐकू येते, अशी स्थिती आहे.

या शास्त्राचा कारागीर वर्गात आला आणि किस्से बाजूला ठेवून प्रत्यक्ष कामाला बसला, तर तो काय शिकवू शकेल? सर्वप्रथम तो हिशेब शिकवील. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला 24 चौकटी असतात; भारतीय दूरचित्रवाणीने स्वीकारलेल्या पद्धतीत त्या 25 असतात. मिनिटाला 120 मात्रा अशी लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे चित्रपटात बरोबर 12 चौकटींची, परंतु दूरचित्रवाणीत साडेबारा चौकटींची. अर्धी चौकट अस्तित्वातच नसते. म्हणून मात्रेमात्रेवर दृश्य बदलू पाहणाऱ्या संकलकाला एकदा 12 आणि एकदा 13 चौकटी अशी तडजोड करीत जावे लागते. तीच लय मिनिटाला 100 मात्रांची असेल, तर दूरचित्रवाणीवर एका मात्रेला नेमक्या 15 चौकटी येतात आणि चित्रपटाच्या फितीवर हिशेब अपूर्णांकात जातो. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला हे गणित परके वाटण्याचे कारण नाही. लघु-गुरूंची मोजणी, यतीचे स्थान आणि ओढून धरलेला स्वर यांचाच हा दुसरा संसार आहे. फरक इतकाच की येथे मोजणी डोळ्यासाठी चालते.

दुसरा धडा ओठांचा. पडद्यावरील नट गात आहे असा भास निर्माण करायचा, तर आधी मुद्रित झालेले गाणे चित्रीकरणस्थळी ध्वनिवर्धकातून वाजवावे लागते आणि नटाने त्याबरहुकूम ओठ हलवावे लागतात. पूर्वी हे काम नागरा ध्वनिमुद्रकावर होई. आता संगणकावर होते. ओठ जुळले की नाहीत हे पाहताना संकलकाची नजर सर्व अक्षरांवर सारखी नसते. ती प, फ, ब, भ, म या अक्षरांवर खिळलेली असते. कारण या वर्णांच्या उच्चारात ओठ पूर्ण मिटतात, आणि मिटलेले ओठ दिसले नाहीत तर फसवणूक तत्काळ उघडी पडते. कंठ्य वर्ण मुखाच्या आत उच्चारले जातात. तेथे थोडी चूक खपून जाते. प्रातिशाख्यकारांनी वर्णांची जी स्थाने नोंदवून ठेवली, त्यांतील ओष्ठ्य स्थानाचे असे प्रात्यक्षिक संकलनाच्या टेबलावर रोज घडत असते. एका भाषेतील गाणे दुसऱ्या भाषेत नेऊन त्याच चित्रावर बसवायचे झाले, तर अनुवादकाला अर्थ आणि मात्रा यांच्या जोडीला ओठांचीही चिंता वाहावी लागते. मूळ गाण्यात जेथे ओठ मिटतात तेथे अनुवादातही ओष्ठ्य वर्ण यावा, ही अट अनुवादविषयक चर्चेत क्वचितच विचारात घेतली जाते. अनुवादित चित्रपटांच्या कारागिरांना मात्र ती तोंडपाठ असते.

तिसरा धडा गतीचा आहे. एखाद्या गीतचित्रात गायिका पाण्यातून मंदगतीने चालत येते, पदर संथपणे लहरतो आणि तरीही तिचे ओठ गाण्याशी अचूक जुळलेले असतात. हे कसे साधते? कॅमेरा सेकंदाला 48 चौकटी टिपतो आणि त्याच वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवले जाते. चार मिनिटांचे गाणे दोन मिनिटांत संपते. जुन्या फितीवर तर स्वरही एका सप्तकाने चढतो. त्या धांदलीत नटाला प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारावे लागते. मग तेच चित्र सेकंदाला 24 चौकटींनी दाखवले की शरीर संथ होते आणि ओठ मूळ चालीवर येतात. जोडाक्षरांनी भरलेले शब्द दुप्पट वेगात उच्चारणे किती कठीण आहे, हे पाठ्यपुस्तकातून कळणार नाही; विद्यार्थ्याने एकदा तसे करून पाहिले की ते कायमचे कळते. पडद्यावरील विलंबित शांततेच्या पोटात चित्रीकरणस्थळीची द्रुत धावपळ असते, ही जाण विद्यार्थ्याला रसग्रहणाच्या दहा व्याख्यानांतून मिळत नाही.

चौथा धडा प्रकाशाचा, आणि साहित्याच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा ठरावा. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (1959) मधील एका गाण्याच्या प्रसंगी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साह्याने बाहेरचे ऊन स्टुडिओत परावर्तित केले आणि अंधाऱ्या अवकाशात तिरपा झोत निर्माण केला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मूर्ती यांना पुढे 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. परंतु त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. गाणे चालू असताना नायक आणि नायिका दोघेही मूक आहेत. कोणाचेच ओठ हलत नाहीत. कैफी आझमी यांचे शब्द कागदावर वाचणारा समीक्षक ‘या गीताचा वक्ता कोण?’ असा प्रश्न विचारील आणि स्त्री-स्वराच्या आधारे नायिकेकडे बोट दाखवील. पडद्यावर मात्र ते शब्द दोघांच्यामध्ये, त्या प्रकाशाच्या झोतात, तरंगत राहतात आणि दोघांचेही होतात. काव्यातील ‘मी’ कोण, हा साहित्यशास्त्रातील जुना प्रश्न येथे छायालेखक आणि दिग्दर्शक यांनी सोडवलेला आहे. ज्याला त्यांच्या कामाची रीत ठाऊक नाही, त्याचे त्या गीताचे वाचन अपुरे राहणार.

यावर असा आक्षेप येईल की, गीताचे शब्द हा साहित्याचा विषय खरा. चाल संगीताची आणि चित्र चित्रपटाचे. ज्याने त्याने आपले क्षेत्र सांभाळावे. परंतु भारतीय परंपरेने हे कप्पे इतके बंदिस्त कधी मानले नाहीत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गीताच्या शब्दांना मातु आणि स्वररचनेला धातु अशी नावे दिली, दोन्ही निर्माण करणाऱ्याला वाग्गेयकार म्हटले आणि त्याच्या प्रती लावल्या. दुसऱ्याने केलेल्या धातूवर शब्द रचणाऱ्यालाही त्याने वेगळे नाव दिले: कुट्टिकार. आजचा गीतकार संगीतकाराने आधी बांधलेल्या चालीवर लिहितो. व्यवसायात याला ‘मीटरवर लिहिणे’ म्हणतात. संगीतकार चाल समजावी म्हणून निरर्थक शब्द भरून ती गाऊन दाखवतो. त्यांना ‘डमी’ शब्द म्हणतात. आणि गीतकार त्या जागी खरे शब्द बसवतो. शार्ङ्गदेवाचा कुट्टिकार तो हाच. सात शतकांपूर्वीच्या ग्रंथकाराने ज्या व्यवहाराची दखल घेऊन त्याला संज्ञा दिली, त्या व्यवहाराकडे आजच्या भाषा-विभागांनी पाठ फिरवावी, हे परंपरेच्या अभिमानाशी जुळणारे नाही.

मराठी रंगभूमीने तर या व्यवहाराची खूण छापील पानावरही जपली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून (1880) पदे ज्ञात चालींवर बांधली जात. ‘मानापमान’ (1911) नाटकासाठी गोविंदराव टेंबे यांनी, तर ‘स्वयंवर’ (1916) नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या आणि खाडिलकरांची पदे त्या चालींच्या अंगाने फुलली. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापण्याची प्रथा होती. तो एक शब्द वाचकाला बजावून सांगे की, पुढील ओळींचे वळण कवीच्या एकट्याच्या मर्जीने ठरलेले नाही. आजच्या गीतसंग्रहात असा निर्देश नसतो. शब्द कवितेसारखे एकाखाली एक छापले जातात, आणि अभ्यासकही ते कवितेसारखेच वाचतो.

अशा वाचनातून केवढी गफलत होऊ शकते याचे उदाहरण मराठीतच आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला. तो इतका साधला की, तुकोबांचाच म्हणून तो लोकांच्या तोंडी बसला. आठवल्यांच्या प्रतिभेचा हा गौरव आहेच. परंतु चित्रपट कसा घडतो, प्रसंग आधी आणि गीत नंतर येते, पडद्यावरील नटाच्या मुद्रेला आणि कथेच्या क्षणाला शब्द बेतून दिले जातात, हे ज्याला ठाऊक आहे तो वाचक गाथा उघडण्यापूर्वी चित्रपटाच्या श्रेयनामावलीकडे वळेल. निर्मितीच्या प्रक्रियेचे ज्ञान हे पाठनिश्चितीचेही साधन आहे. हस्तलिखिताचा अभ्यासक कागद, शाई आणि लेखनिकाच्या सवयी जाणून घेतो; मग गीताच्या अभ्यासकाने संकलकाच्या सवयी का जाणू नयेत?

कारागिराला गुरुस्थानी बसवण्याचा प्रयोग भारतात नवा नाही. प्रभात कंपनीच्या संस्थापकांपैकी दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करता करताच शिकली; पदवी त्यांच्यापैकी कोणाला विचारली गेली नाही. 1929 मध्ये त्यांनी प्रभातची स्थापना केली, 1933 मध्ये ती पुण्यात आली, आणि पुण्यातील त्याच स्टुडिओच्या जागेत 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथे ऋत्विक घटक यांनी 1960 नंतरच्या दशकाच्या मध्यास अल्पकाळ अध्यापन केले. काळ थोडा होता. परंतु मणी कौल आणि कुमार शाहनी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांवर त्याचा ठसा आयुष्यभर राहिला, कारण घटक तेथे काम घेऊन आले होते, नुसते व्याख्यान देऊन गेले नाहीत. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंनी जयपूरच्या परंपरागत भित्तिचित्र-कारागिराला पाचारण केले आणि त्याच्याकडून ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची रीत आत्मसात करून घेतली. कलाभवनाचे आचार्य शिकण्यासाठी कारागिराजवळ बसले आणि त्यात त्यांना उणेपणा वाटला नाही. दिल्लीत जामिया मिल्लियामध्ये 1982 साली तत्कालीन कुलगुरू अन्वर जमाल किदवई यांनी जनसंवाद संशोधन केंद्र स्थापन केले, तेव्हा कॅनडाच्या यॉर्क विद्यापीठाचे आणि माहितीपटकार जेम्स बेव्हरिज यांचे साहाय्य घेतले. या उदाहरणांत एक समान सूत्र आहे: पाहुण्याला पुरेसा वेळ मिळाला, साहित्य-सामग्री मिळाली, आणि त्याच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांचे हात चालले.

आता तर नियमांची अडचणही उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार किमान 15 वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञ व्यावसायिकाला औपचारिक शैक्षणिक अर्हतेच्या अटीविना अध्यापनासाठी घेता येते. अशा नियुक्त्या मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत असू शकतात, आणि एका व्यक्तीची मुदत एकंदर चार वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. तत्त्वतः हे स्वागतार्ह आहे. मात्र या वाटेने येणारा व्यावसायिक व्यवस्थापन, अभियांत्रिकी वा जनसंवाद यांच्याच दारी जाईल आणि भाषा-विभागांना त्याची आठवणही होणार नाही, हा धोका आहे. संकलकाला किंवा गीतकाराला चार-सहा आठवडे आपल्याकडे ठेवून घ्यावे, असा प्रस्ताव एखाद्या मराठी, तेलुगू वा बंगाली विभागाने मांडला, तर तो हास्यास्पद ठरवला जाऊ नये.

याउलट बाजूचा आक्षेप अधिक गंभीर आहे. गीतचित्र हा बाजाराचा माल आहे; त्यात स्त्रीदेहाचे प्रदर्शन आहे, जातीच्या आणि प्रदेशाच्या ठोकळेबाज प्रतिमा आहेत, लोकगीतांची उचलेगिरी आहे. अशा व्यवसायाच्या प्रतिनिधीला विद्यापीठाने मानाचे आसन दिले, तर विद्यापीठ त्या व्यवसायाचे भरती-केंद्र बनेल आणि टीकेचा स्वर मंदावेल. ही भीती निराधार नाही. यशस्वी माणसाच्या तोंडून यशाची कथा ऐकताना प्रश्न विचारण्याचे धैर्य विद्यार्थ्यांना होत नाही, हे अनेक सभागृहांत दिसते. परंतु यावरचा उपाय पाहुण्याला दूर ठेवणे हा नव्हे. दूरून केलेली टीका व्यवसायाला स्पर्शही करीत नाही. गाण्यातील अमुक क्षणी कॅमेरा नर्तकीच्या चेहऱ्यावरून खाली का सरकला, हा निर्णय कोणी घेतला, दुसरा पर्याय समोर होता काय, लावणीची चाल घेताना मूळ गायिकेचा नामनिर्देश का झाला नाही, हे प्रश्न संकलनाच्या टेबलापाशी, ते दृश्य समोर थांबवून विचारले गेले, तर उत्तर द्यावेच लागते. तेथे ‘प्रेक्षकांना हेच हवे असते’ हे सबगोलंकारी उत्तर पुरत नाही. कारागिराला ‘कसे’ हे ठाऊक असते आणि विद्यापीठाला ‘का’ हे विचारायचे असते. दोघे एका खोलीत बसल्याशिवाय दोन्ही प्रश्न अर्धेच राहतात.

तेव्हा अशा भेटी सफल व्हायच्या असतील, तर तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतील. पहिली: व्याख्यानाऐवजी काम. पाहुण्याने विद्यार्थ्यांबरोबर एक लहान गीतचित्र आरंभापासून अखेरपर्यंत घडवावे; एक मुखडा आणि एक अंतरा एवढे पुरेसे आहे. भारी सामग्री लागत नाही. साधा कॅमेरा, वाजवण्यासाठी मुद्रित गाणे आणि संकलनासाठी एक संगणक एवढ्यावर काम भागते. उणीव असते ती आठवडाभर सलग वेळ देण्याच्या तयारीची. कवितेच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या ओळी चालीवर बसवून, कोणते अक्षर चालीत गुदमरते आणि कोणते फुलते, हे ऐकावे. आपल्या लाडक्या ओळीवर संकलकाने कात्री चालवलेली पाहावी. एवढे झाले तरी ‘चालीवर लिहिणे म्हणजे कमअस्सल लिहिणे’ हा शिकवून रुजवलेला ग्रह ढिला होईल. आणि चालीवर लिहिलेले सारेच गुणवान असते, हा उलटा ग्रहही होणार नाही.

दुसरी गोष्ट: नोंद. पाहुणा जे करतो आणि करताना जे बोलतो, ते लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ज्या काटेकोरपणे ओवी टिपली, त्याच काटेकोरपणे टिपले जावे. कोणता निर्णय केव्हा झाला, कोणता शब्द चालीसाठी बदलला, कोणते दृश्य गळाले, याची दैनंदिनी विद्यार्थ्यांनी ठेवावी आणि ती विभागाच्या ग्रंथालयात जमा व्हावी. हिंदी चित्रपटगीताचा साक्षेपी विचार मांडणारे अशोक दा. रानडे यांचे ग्रंथलेखन (2006) हे दाखवून देते की, संगीताची प्रत्यक्ष जाण आणि शास्त्रीय शिस्त एकत्र आली की, ज्याला विद्वान हलके समजतात अशा विषयातूनही टिकाऊ विवेचन निघते. अशा विवेचनाला कच्चा माल लागतो. आणि तो पुरवणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. फितीवर हाताने संकलन करणारे, चित्रीकरणस्थळी नागरावरून गाणे वाजवणारे हात हळूहळू नाहीसे होत आहेत. त्यांच्याबरोबर जाणारे ज्ञान कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

तिसरी गोष्ट: परिभाषा. पार्श्वगायन, संकलन, छायालेखन, पटकथा, श्रेयनामावली असे शब्द मराठीत रुळले, कारण एके काळी चित्रपटाविषयी मराठीतून नेमकेपणाने लिहिण्याची गरज वाटली. ती गरज मंदावली आणि शब्द घडणे थांबले. आज चित्रीकरणस्थळी मिश्र बोली चालते. तीत इंग्रजी क्रियापदांना हिंदी, मराठी, तमिळ प्रत्यय लागतात, आणि त्याच बोलीत संगीतातून आलेले मुखडा, अंतरा, सम, ठेका हे शब्दही सुखाने नांदतात. ही बोली अशुद्ध म्हणून हेटाळण्याऐवजी तिचा कोश करावा. निरनिराळ्या भाषांच्या विभागांनी आपापल्या प्रदेशातील कारागिरांकडून एकाच क्रियेचे शब्द गोळा केले, तर एक अखिल भारतीय शब्दसंग्रह सिद्ध होईल. कृत्रिम पारिभाषिक शब्द दिल्लीत बसून बनवण्यापेक्षा, जे शब्द हात काम करीत असताना तोंडी येतात ते टिपणे अधिक फलदायी आहे. लोहार, सुतार, कोष्टी यांच्या शब्दांनी मराठी संपन्न झाली. संकलकाच्या आणि प्रकाशयोजकाच्या शब्दांना तिने दार का बंद करावे?

अशा बहुभाषिक अभ्यासासाठी एक उदाहरण तर हाताशीच आहे. 1988 च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवरून प्रथम दाखवले गेलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीतचित्र भारतातील जाणत्या पिढीच्या स्मरणात आहे. सुरेश मलिक यांची संकल्पना, पियूष पांडे यांचे शब्द, अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचा संगीतातील सहभाग, कैलाश सुरेंद्रनाथ यांचे दिग्दर्शन आणि आरंभी पंडित भीमसेन जोशी यांचा स्वर. भैरवीच्या छायेतील एकच आशय 14 भाषांतून फिरत जातो. भारतीय साहित्याची एकात्मता हा विषय ज्या विभागांत वर्षानुवर्षे चर्चिला जातो, तेथे हे गीतचित्र चौकटी-चौकटीने किती वेळा तपासले गेले आहे? एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना चाल कोठे वळते, प्रत्येक भाषेच्या वाट्याला किती मात्रा आल्या, कोणत्या भाषेला चेहरा मिळाला आणि कोणत्या भाषेला केवळ निसर्गदृश्य, मराठीच्या वाट्याला मुंबईच्या आगगाडीतील दृश्य यावे यातून कोणती मराठी सूचित होते, कोणत्या भाषा गाण्याबाहेर राहिल्या, हे सारे प्रश्न साहित्याचेच आहेत. मात्र एखादा जाणकार संकलक शेजारी बसून चित्र पुढे-मागे करून दाखवील, तेव्हाच ते नीट विचारता येतील. एकात्मतेचा प्रत्यय देणारी ती काही मिनिटे किती कात्र्यांनी, किती तडजोडींनी घडली हे कळल्याने त्या गीताची मोहिनी कमी होणार नाही; एकात्मता ही आपोआप लाभणारी वस्तू नसून ती जोडून घडवावी लागते, एवढे मात्र उमजेल.

विद्यापीठाला पाहुण्याची गरज आहे तशी पाहुण्यालाही विद्यापीठाची आहे. पन्नास गाण्यांची चित्रे घडवणाऱ्या माणसाला आपण जे हातांनी करतो त्याला शार्ङ्गदेवाने नाव देऊन ठेवले आहे, हे बहुधा कोणी सांगितलेले नसते. ते नाव त्याच्या हाती देणे आणि त्याच्या हातातील रीत आपल्या वहीत उतरवून घेणे, अशी ही देवघेव आहे. ती सभागृहात होणार नाही. त्यासाठी सभागृहाचे दिवे मालवून, शेजारच्या लहान खोलीत, संकलनाच्या पडद्यासमोर चार-सहा खुर्च्या मांडाव्या लागतील. आणि त्यांतली एक भाषेच्या अध्यापकाची असावी लागेल.